जीएसटीचा दर बदलला की धंद्याचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, शेकडो वस्तूंचे जीएसटी दर एकदम बदलले. गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर ‘सगळं स्वस्त झालं’ असे संदेश फिरत होते. त्याच वेळी दुकानदार मात्र रॅकवरच्या जुन्या मालाकडे बघत होते. कर सल्लागार म्हणून त्या आठवड्यांत आणि नंतरही जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते इथे उत्तरांसह देतो आहे. उदाहरणं २०२५ च्या बदलाची असली तरी त्यामागचे नियम पुढच्या बदलालाही लागू पडतील. दर बदलायचे थांबलेत असं समजू नका.

मुळात २०२५ मध्ये बदललं काय?

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि ५, १२, १८, २८ अशा चार टप्प्यांऐवजी ५ आणि १८ हे दोन मुख्य टप्पे ठेवायचं ठरलं. शिवाय चैनीच्या आणि अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्के. १२ टक्क्यांतला बराचसा माल ५ वर आला आणि २८ मधला बराचसा १८ वर. साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं, चॉकलेट हे थेट १८ वरून ५ वर उतरले. तूप, लोणी, चीज, पाकीटबंद फरसाण, सायकल, भांडी, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. सिमेंट, एसी, ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही, ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली आणि छोट्या गाड्या २८ वरून १८ वर.

यातले बारकावे दुकानदाराला छळतात. आंघोळीच्या साबणाची वडी ५ टक्क्यांत, पण हात धुण्याचा लिक्विड साबण १८ मध्येच. कपडे धुण्याची पावडरही १८ मध्येच. खाद्यतेल, साखर, चहा आधीपासून ५ वर होते, त्यामुळे ‘तेल का नाही उतरलं?’ या प्रश्नाला ‘त्याच्यावरचा कर बदललाच नाही’ एवढंच उत्तर आहे. थंड पेयांवर आधी २८ टक्के कर अधिक १२ टक्के सेस (वरचा जादा कर) होता, आता सरळ ४० टक्के कर आहे, बेरीज तीच. तंबाखू, सिगारेट आणि पानमसाला त्या दिवशी जुन्याच दरावर ठेवले होते.

कर १८ वरून ५ झाला, म्हणजे १३ टक्के कमी. मग शंभराची बाटली ८७ रुपयांना का मिळत नाही?

कारण छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. १८ टक्के करात ११८ रुपयांना पडणारी वस्तू ५ टक्क्यांत १०५ ला पडते. म्हणजे ११८ रुपयांवर १३ रुपयांची घट, साधारण ११ टक्के. शंभर रुपये एमआरपीची शाम्पूची बाटली म्हणूनच ८९ च्या आसपास यायला हवी.

हाच हिशेब बाकी टप्प्यांना लावा: १२ वरून ५ झालं की किंमत सव्वासहा टक्क्यांनी उतरते, २८ वरून १८ झालं की पावणेआठ टक्क्यांच्या थोडी वर. हे आकडे काउंटरजवळ लिहून ठेवलेले बरे. गिऱ्हाईक भांडायला येतं तेव्हा टक्केवारीतला हा फरक तोंडी समजावणं जड जातं, एक कागद पुढे सरकवणं सोपं जातं.

जुना माल मी १८ टक्के कर भरून घेतलाय. आता तो ५ टक्क्यांनी विकायचा. मधलं नुकसान माझंच ना?

सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. नुकसान होत नाही, पण पैसे अडकतात. आणि ते किती काळ अडकतात याचा अंदाज बहुतेकांना नसतो.

समजा एका डिस्ट्रिब्युटरकडे २१ सप्टेंबरच्या रात्री १ लाखाचा साबण-शाम्पू होता. त्यावर त्याने १८,००० रुपये कर दिलेला होता. तो माल त्याने १,१०,००० ला विकला, नव्या दराने कर गोळा झाला ५,५००. त्याच्या क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे खरेदीवर दिलेला कर विक्रीच्या करातून वजा करण्यासाठी जमा असतो त्या खात्यात, १८,००० होते, ५,५०० वळते झाले, १२,५०० उरले. हे क्रेडिट वैध आहे. खरेदीच्या वेळी जो कर दिला त्याचं पूर्ण क्रेडिट मिळतं, नंतर विक्रीचा दर उतरला म्हणून ते उलटवावं (सरकारला परत द्यावं) लागत नाही. हा खुलासा सरकारनेही केला होता.

पण ते १२,५०० संपणार कसे? पुढचा माल ५ टक्क्यांनी येणार आणि ५ टक्क्यांनीच जाणार. भरायचा कर उरतो तो फक्त नफ्यावरचा. १ लाखाच्या खरेदीवर १०,००० नफा धरला तर त्यावर कर होतो ५०० रुपये. म्हणजे अडकलेले १२,५०० वळते व्हायला आणखी २५ लाखांची खरेदी-विक्री व्हावी लागेल. ज्याच्याकडे फक्त उतरलेल्या दराचाच माल आहे, त्याचे पैसे कित्येक महिने तसेच पडून राहतात. ज्याच्याकडे सोबत डिटर्जंट, फेस क्रीम असा १८ टक्क्यांचा माल आहे, त्याचं क्रेडिट लवकर जिरतं, कारण एका मालाचं क्रेडिट दुसऱ्या मालाच्या कराला वापरता येतं.

यातून एक गोष्ट निघते जी मी प्रत्येक डिस्ट्रिब्युटरला सांगतो: दर उतरणार अशी कुणकुण लागली की साठा कमी करत आणायचा, आणि दर वाढणार असेल तर त्याची फिकीर करायची नाही. वाढीव दराच्या वेळी जुन्या मालावरचं क्रेडिट कमी असतं, पण फरक गिऱ्हाइकाकडून येतो.

ते अडकलेलं क्रेडिट सरकारकडून रोख परत मिळत नाही का?

या कारणासाठी नाही. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर असेल तर परतावा मिळतो हे खरं आहे. पण एकाच वस्तूचा दर मधल्या काळात उतरला म्हणून साठलेलं क्रेडिट त्यात बसत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने मार्च २०२० च्या १३५ क्रमांकाच्या परिपत्रकात हे लिहिलं होतं आणि २०२५ मध्ये तेच पुन्हा सांगितलं.

कारखानदाराची गोष्ट वेगळी. ठिबक सिंचनाचा संच बनवणाऱ्याला प्लास्टिकचे दाणे १८ टक्क्यांनी घ्यावे लागतात आणि संच आता ५ टक्क्यांनी विकला जातो. त्याचं क्रेडिट प्रत्येक महिन्याला तुंबत जाणार, आणि त्याला परतावा मिळतो. फक्त तो परतावा मालावरच्या कराचा असतो. भाडं, वाहतूक, सल्लागाराची फी अशा सेवांवरचा किंवा यंत्रांवरचा कर त्यात धरत नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम कायम ठेवला. नव्या व्यवस्थेत अशा अर्जांवर ९० टक्के रक्कम तात्पुरती लवकर द्यायची सोय केली आहे, पण उरलेल्या सेवांच्या कराचं ओझं किमतीत धरावंच लागतं. ‘दर ५ झाला, माल ६ टक्के स्वस्त करा’ असं कारखानदाराला सांगणारे हे विसरतात.

दर शून्य झालेल्या मालाचं काय? वह्या-पेन्सिली विकतो मी.

इथे खरं नुकसान होऊ शकतं. शून्य कर ऐकायला छान, पण करमुक्त मालावर क्रेडिट घेता येत नाही. वह्यांवर १२ टक्के होते, ते शून्य झाले. २२ तारखेला तुमच्या गोदामात ज्या वह्या पडून होत्या, त्यांच्यावर आधी घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं. ४० रुपयांच्या वहीवर ४ रुपये ८० पैसे कर दिला असेल तर ती वही आता तुम्हाला ४४.८० ला पडली असं धरा.

दुधाच्या धंद्यातही हेच झालं: पाकीटबंद पनीर आणि अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेलं दूध ५ वरून शून्यावर गेलं. तसं पाहिलं तर ५ टक्के हा दर व्यापाऱ्याला शून्यापेक्षा सोयीचा, हे माझं मत. पण निवडून आलेल्या माणसाला ‘करमुक्त’ हा शब्द जास्त आवडतो.

वह्या छापणाऱ्यांसाठी वह्यांचा कागदही शून्यावर आणला गेला, मात्र इतर बराच कागद १२ वरून १८ वर गेला. त्यामुळे कागद कशासाठी घेतला हे बिलावर स्पष्ट हवं.

माल आधी दिला, बिल नंतर केलं, पैसे त्याहून नंतर आले. कोणता दर लागणार?

केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४ यासाठीच आहे. वाचायला किचकट आहे, पण लक्षात ठेवायला सोपं. तीन तारखा बघायच्या: माल किंवा सेवा दिल्याची, बिलाची आणि पैसे मिळाल्याची. या तिघांतल्या दोन ज्या बाजूला पडतात, तो दर.

एखाद्या कार्यक्रमाच्या केटरर किंवा डेकोरेटरचं उदाहरण घ्या. काम दर बदलण्याआधी झालं, बिलही आधीचं, पैसे नंतर आले: जुना दर. काम आधी झालं, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतर: नवा दर. पैसे आधी घेतले होते, पण काम आणि बिल नंतर: नवा दर. पैसे बँकेतून आले असतील आणि दर बदलल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांनंतर जमा झाले असतील, तर खात्यात जमा झाल्याची तारीख धरतात. त्यामुळे शेवटच्या दिवशी घेतलेला चेक विसरून गल्ल्यात ठेवू नये.

मालाच्या बाबतीत हे आणखी सुटसुटीत झालं आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून मालाच्या ॲडव्हान्सवर कर भरावा लागत नाही, म्हणून व्यवहारात बिलाची तारीखच ठरवते, आणि बिल माल दुकानातून निघण्याआधी किंवा निघताना करायचं असतं. माल आधी पाठवून ‘बिल नव्या दराने करू’ म्हणून थांबणं हा उघड गैरप्रकार आहे. सप्टेंबरात अशी विनंती करणारी मोठी गिऱ्हाइकं बऱ्याच जणांना भेटली.

वाटेत असलेल्या ट्रकच्या ई-वे बिलाबद्दलही (मालवाहतुकीसाठी काढायचा ऑनलाइन दाखला) फोन येत होते. ते रद्द करून नवं काढायची गरज नव्हती; मुदतीत असलेलं ई-वे बिल तसंच चालतं.

दर बदलण्याआधी विकलेला टीव्ही गिऱ्हाइकाने नंतर परत आणला. क्रेडिट नोट कोणत्या दराने?

ज्या दराने विकला त्याच, म्हणजे जुन्या. क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा विकणाऱ्याने दिलेला कागद, मूळ बिलाला जोडलेली असते. बदलून दुसरा टीव्ही दिला तर ती नवी विक्री आणि तिला नवा दर. काही हुशार मंडळींनी दर उतरल्यावर ‘माल परत’ दाखवून लगेच तीच वस्तू नव्या बिलाने घ्यायचा सल्ला दिला होता. माल खरोखर हललाच नसेल तर हा कागदी खेळ तपासणीत टिकत नाही.

रॅकवरच्या जुन्या एमआरपीचं काय करायचं? प्रत्येक पुड्यावर स्टिकर?

आधी तशीच धास्ती पसरली होती. ग्राहक व्यवहार विभागाने ९ सप्टेंबरला आधी न विकलेल्या मालावर बदललेल्या किमतीचं स्टिकर, शिक्का किंवा छपाई करायची मुभा दिली, जुनी किंमत झाकली जाणार नाही या अटीवर. मग १८ सप्टेंबरला आणखी सैल केलं: जुन्या साठ्यावर स्टिकर लावणं ऐच्छिक, वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची सक्ती नाही, कंपन्यांनी घाऊक व किरकोळ विक्रेत्यांना नवी किंमत-यादी पाठवावी आणि तिची प्रत वैधमापन (वजन-मापं आणि वेष्टणावरची छपाई तपासणाऱ्या) अधिकाऱ्यांना द्यावी. जुन्या छपाईची वेष्टणं ३१ मार्च २०२६ पर्यंत किंवा संपेपर्यंत वापरायला परवानगी होती.

किरकोळ दुकानदाराने यातून एवढंच घ्यावं की कंपनीची यादी हाताशी ठेवायची आणि त्या यादीच्या किमतीला विकायचं. पुड्यावर १०० छापलेत म्हणून १०० घ्यायचा हक्क आहे, हा युक्तिवाद गिऱ्हाइकापुढे टिकला नाही.

पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा अजून पाचलाच का?

हिशेबाने तो ४.४५ ला यायला हवा. पण पंचावन्न पैसे परत कोण देणार? म्हणून अनेक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग घेतला. नवं वजन छापलेला माल बाजारात यायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात शिव्या खाल्ल्या त्या किराणा दुकानदाराने.

दरकपातीचा फायदा गिऱ्हाइकाला दिला नाही तर कारवाई होते का?

कायद्यात कलम १७१ आहे, ते सांगतं की दर उतरला तर किंमत त्या प्रमाणात उतरली पाहिजे. त्यासाठी नफाखोरीविरोधी राष्ट्रीय प्राधिकरण होतं. नोव्हेंबर २०१७ मधल्या दरकपातीनंतर त्याने मोठमोठ्या कंपन्यांवर आदेश काढले आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे कलम घटनेशी सुसंगत ठरवलं. पण प्राधिकरणाचं काम डिसेंबर २०२२ पासून स्पर्धा आयोगाकडे, ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी अपील न्यायाधिकरणाकडे गेलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून या कलमाखाली नव्या तक्रारी घेणं बंद झालं.

म्हणजे सप्टेंबर २०२५ ची एवढी मोठी कपात झाली तेव्हा तक्रारीचं ते दार बंद होतं. सरकारने ५४ प्रकारच्या वस्तूंच्या किमतींवर नजर ठेवायला अधिकाऱ्यांना सांगितलं आणि ग्राहकांना १९१५ या हेल्पलाइनकडे पाठवलं. दंडाची धार कमी असली तरी ग्राहक तक्रार मंचाचं दार बंद झालेलं नाही, आणि शेजारच्या दुकानात तोच शाम्पू ८९ ला मिळत असेल तर तुमचा ९९ ला कोण घेणार?

माझं छोटं हॉटेल आहे, खोल्या ७,५०० च्या आत. १२ चे ५ झाले. मला फायदा की तोटा?

महाबळेश्वर, अलिबाग, गणपतीपुळे, गोवा, सगळीकडून हा प्रश्न आला, आणि ‘दर कमी म्हणजे फायदा’ ही समजूत सगळ्यांत जास्त इथेच फसते. आधी १२ टक्के होते आणि क्रेडिट मिळत होतं. आता ५ टक्के आहेत आणि क्रेडिट मिळत नाही. आणि जुन्या पद्धतीवर राहण्याचा पर्यायही नाही. ७,५०० पर्यंतच्या खोल्यांना हेच सक्तीचं आहे.

आकडे मांडू. ५,००० ची खोली गिऱ्हाइकाला आधी ५,६०० ला पडत होती, आता ५,२५० ला. समजा महिन्याची खोल्यांची जमा १० लाख आणि लाँड्री, दुरुस्ती, बुकिंग ॲपचं कमिशन, व्यावसायिक भाडं असा १८ टक्के कर लागणारा खर्च ३ लाख. त्यावरचे ५४,००० आधी क्रेडिट म्हणून मिळत होते, आता ते खर्चात गेले. म्हणजे जमेच्या ५.४ टक्के. तेवढं भरून काढायला खोलीचा दर ५,००० चा ५,२७० करावा लागेल. त्यावर ५ टक्के धरून गिऱ्हाइकाला ५,५३३ रुपये ५० पैसे. म्हणजे हॉटेलवाल्याला आधीएवढंच मिळालं आणि गिऱ्हाइकाची बचत झाली जेमतेम ६६ रुपयांची. घरच्या माणसांच्या जोरावर चालणाऱ्या, करपात्र खर्च थोडा असलेल्या लॉजला हा बदल फायद्याचा. नव्याने बांधकाम, फर्निचर, एसी घेत असलेल्या हॉटेलला तो चटका देणारा, कारण मोठ्या खरेदीवरचं क्रेडिट गेलं.

काही खोल्या ७,५०० च्या आत आणि काही वर असतील तर दोन्हीकडचं सामाईक क्रेडिट प्रमाणात वाटावं लागतं. त्याचा वेगळा तक्ता महिन्याच्या महिन्याला ठेवा, वर्षअखेरीस मागून काढणं अशक्य होऊन बसतं.

सलून, ब्युटी पार्लर, जिम, योगवर्ग यांनाही १८ ऐवजी ५, क्रेडिटशिवाय, आणि तिथेही पर्याय नाही. ज्यांची उलाढाल २० लाखांच्या आत आणि नोंदणीच नाही, त्यांना काहीच फरक पडला नाही. चौकातला दाढी-कटिंगवाला यांतलाच. रेस्टॉरंटवाल्यांनी हे सगळं नोव्हेंबर २०१७ मध्ये भोगलं आहे: १८ चे ५ झाले, क्रेडिट गेलं, आणि अनेक ठिकाणी मेनूकार्डावरच्या किमती रातोरात वर गेल्या.

कपड्यांत २,५०० ची रेघ आहे म्हणे?

हो. तयार कपड्याच्या एका नगाची विक्री-किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८. आधी रेघ १,००० वर होती आणि वर १२ टक्के होते. त्यामुळे १,००० ते २,५०० मधला माल स्वस्त झाला आणि लग्नाची शेरवानी महाग.

रेघेच्या जवळपासचा माल नीट बघा. २,५०० चा कुर्ता गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो, २,६०० चा ३,०६८ ला. तुम्ही बिलावर १०० रुपये सूट देऊन नग २,५०० वर आणलात, तर गिऱ्हाइकाचे ४४३ रुपये वाचतात. सूट मात्र बिलावरच दिसली पाहिजे, कारण कर बिलातल्या खऱ्या किमतीवर लागतो. चपला-बुटांनाही जोडीमागे हीच २,५०० ची रेघ आहे. साडी ही न शिवलेलं कापड धरली जाते, म्हणून २०,००० ची पैठणीही ५ टक्क्यांतच. येवल्याच्या विणकरांना ही रेघ लागू नाही, त्यांच्या शेजारच्या लेहंगेवाल्याला आहे.

आणि दर वाढला तर? ठरवून झालेल्या कामात वाढीव कर कोणी सोसायचा?

करारात काय लिहिलंय त्यावर. महाराष्ट्रातल्या सरकारी कामांच्या ठेकेदारांनी हा धडा १८ जुलै २०२२ ला घेतला, जेव्हा सरकारी बांधकामांवरचा दर १२ वरून १८ झाला. ज्यांच्या निविदेत दर ‘कर वगळून’ होते त्यांना फरक मागता आला. ‘सर्व करांसहित’ लिहून देणाऱ्यांना खात्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. २२ सप्टेंबर २०२५ ला मुख्यतः मातीकाम असलेली सरकारी कामंही १२ वरून १८ वर गेली.

मालाच्या विक्रीत १९३० च्या विक्री कायद्याचं कलम ६४अ मदतीला येतं. सौद्यानंतर कर वाढला तर विकणारा तेवढी रक्कम मागू शकतो, उतरला तर घेणारा तेवढी कापू शकतो, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. एका ओळीची तरतूद स्वतःच्या करारात लिहिली की कलमं शोधायची वेळ येत नाही.

मी कंपोझिशनमध्ये आहे. मला काय फरक?

कंपोझिशन म्हणजे क्रेडिट न घेता विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायची छोट्या धंद्यांसाठीची योजना. विक्रीवरच्या तुमच्या करात काहीच फरक नाही. व्यापाऱ्याला १ टक्का, रेस्टॉरंटला ५ टक्के, जसे होते तसे. क्रेडिट मिळतच नसल्यामुळे नवी खरेदी मात्र स्वस्त झाली, ती थेट तुमची बचत. पण २१ तारखेचा जुना साठा चढ्या करासह घेतलेला, त्याचं क्रेडिट नाही आणि नवी एमआरपी उतरलेली. तो फरक खिशातून गेला, कंपनीने भरून दिला असेल तरच वाचला.

कंपनीने फरकाची क्रेडिट नोट पाठवली. त्यावर क्रेडिट उलटवायचं का?

नोट कराशिवायची, निव्वळ व्यापारी असेल तर नाही. १२ सप्टेंबर २०२५ च्या २५१ क्रमांकाच्या परिपत्रकात हा खुलासा आहे. नोटेत जीएसटीची रक्कम दाखवली असेल तर तेवढं क्रेडिट कमी करावं लागतं. नोट आली की आधी हे बघा.

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जुनाच दर राहिला आणि काही बिलं तशीच गेली. आता?

जास्त कर घेतला असेल तर तो तुमचा होत नाही. एक तर क्रेडिट नोट देऊन गिऱ्हाइकाला परत करा, नाही तर सरकारजमा करा. कमी घेतला असेल तर फरक तुम्ही भरायचा, वर वर्षाला १८ टक्के व्याज. चुका बहुतेक एचएसएन कोडच्या (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) जुळणीत होतात: ‘साबण’ नावाच्या एकाच गटात वडी आणि लिक्विड दोन्ही टाकलेले असतात आणि दर बदलताना दोन्ही ५ वर जातात. त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, एकाच एचएसएनखाली दोन दर दिसणं मात्र चूक नाही, ते तसंच दिसणार.

पेट्रोलपंपवाले दरकपातीला एवढे का घाबरतात?

कारण पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. तिथे अजून उत्पादनशुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे, आणि पंपचालक दोन्ही आधीच भरून माल टाकीत उतरवून घेतो. नोव्हेंबर २०२१ च्या दिवाळीत केंद्राने डिझेलचं शुल्क लिटरमागे १० रुपयांनी उतरवलं. ज्याच्या टाकीत २०,००० लिटर होतं, त्याचे एका रात्रीत २ लाख गेले, आणि ते वळते करायला कुठलंही क्रेडिट लेजर नव्हतं. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने व्हॅट उतरवून पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केलं, तेव्हाही हाच प्रकार. जीएसटीतल्या दुकानदाराचे पैसे अडकतात, पंपवाल्याचे जातात.

गाड्यांच्या डीलरांचीही एक गत तशीच झाली. गाड्यांवरचा भरपाई सेस २२ सप्टेंबरपासून संपला, आणि सेसचं क्रेडिट फक्त सेस भरायलाच चालतं. लेजरमधली रक्कम दिसते, वापरता येत नाही; त्यासाठी काही जण न्यायालयात गेले.

घोषणा आधी आणि अंमल नंतर, या मधल्या काळात धंदा कसा सांभाळायचा?

पंतप्रधानांनी २०२५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून ‘दिवाळीची भेट’ म्हणून जीएसटी कपातीची घोषणा केली आणि मोठ्या वस्तूंचं गिऱ्हाईक तिथूनच थांबलं. २७ ऑगस्टला गणपती आले. एरवी त्या काळात टीव्ही-फ्रिज जोरात जातात, या वेळी लोक भाव विचारून परत जात होते. त्यात सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा पितृपक्षाचा. मग एकदम घटस्थापना, दसरा, दिवाळी. पाच आठवडे दुकान ओस आणि नंतर माल पुरेना.

अशा वेळी दुकान बुडतं ते करामुळे नाही, देणी थकल्यामुळे. पगार, भाडं, बँकेचा हप्ता थांबत नाहीत. म्हणून घोषणा झाल्या दिवशीच पुरवठादाराशी बोलून उधारीची मुदत वाढवून घ्यावी, आणि अंमलाच्या आठवड्यातली ऑर्डर आधीच नोंदवून ठेवावी, माल आणि बिल मात्र दोन्ही नव्या तारखेनंतर मागावं.

दर बदलण्याच्या आदल्या रात्री नेमकं काय करायचं?

साठा मोजायचा. सॉफ्टवेअर दाखवतं तो नको, प्रत्यक्ष हाताने मोजलेला, आणि तो दरानुसार वेगळा लिहायचा: कोणता माल कोणत्या करावर घेतला, किती नग, कोणत्या बिलाने. शून्यावर जाणाऱ्या मालाची यादी स्वतंत्र. कंपनीकडून फरक मागताना, क्रेडिट उलटवताना किंवा तपासणी अधिकारी आल्यावर हाच कागद लागतो. मग सॉफ्टवेअरमधले दर बदलून एक नमुना बिल काढायचं, रद्द करायचं, आणि शेवटचं जुन्या दराचं बिल कोणत्या क्रमांकाचं होतं तो आकडा वहीत टिपून शटर ओढायचं.